मोठ्यानं वाच गा!

डोमाजी मिस्त्रींचं पहिलंच वाक्य मी चुकीचं ऐकलं, आणि त्यावरून आमची ओळख झाली.

मी साताऱ्याकडची. नवऱ्याचं ऑफिस नागपूरला आलं, त्याच्या मागोमाग मी आले आणि लकडगंजातल्या एका छोट्या वाचनालयात मला नोकरी लागली. दोन खोल्या, अकरा कपाटं, एक कण्हणारा पंखा आणि बाहेर दिवसभर आरा मशिनींची किरकिर. लाकूड कापायच्या गिरण्यांना तिकडे आरा मशीनच म्हणतात. पुस्तक झटकलं की त्यातून भुसा पडायचा. पहिल्याच आठवड्यात मी नवऱ्याला सांगून टाकलं होतं, की या गावात माझं काही जमायचं नाही. ऊन असं, की कपाटाच्या कडीला हात लावला तर चटका बसावा. आणि भाषा अशी, की ही मराठीच आहे हे पटायला महिना लागला.

अशाच एका दुपारी दारात एक माणूस येऊन उभा राहिला. डोक्यापासून पायापर्यंत भुशानं माखलेला, कानावर लाल गेरूचा खडा अडकवलेला. दोन गल्ल्या पलीकडे जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "बाई, मोठा पोट्टा वाचून राहिला!"

मला वाटलं, पोरगं कुठल्या तरी दुखण्यातून उठलं. मी पटकन हात जोडले. "देवाची कृपा! काय झालं होतं हो त्याला?"

त्यानं कानामागं हात धरला. मी पुन्हा ओरडून विचारलं. "काही नाई झालं जी त्याले," तो गोंधळून म्हणाला, "वाचून राहिला, म्हणून तं पुस्तक न्याले आलो."

पेपर वाचत बसलेले पेन्शनर म्हातारे खो खो हसले. त्यांतल्या एकानं मला समजावलं, की बाई, तुमच्याकडे 'वाचतोय' म्हणतात, त्याला आम्ही 'वाचून राहिला' म्हणतो. मी लाजले. आणि लाजले की मला राग येतो, हा माझा जुना रोग. त्या रागात मी त्या माणसाला वाचनालयाचे सगळे नियम एका दमात ऐकवले. त्याला एक अक्षर ऐकू गेलं नाही. तो हसत, मान डोलवत उभा होता.

आऱ्याजवळ वीस वर्षं उभं राहून डोमाजींचे कान गेले होते. पण हात शाबूत होते, आणि काय हात होते ते! ट्रकमधून ओंडके उतरले की डोमाजी एकेकावरून तळवा फिरवायचे, वाकून कापाकडे बघायचे आणि कानावरचा गेरू काढून खूण करायचे. उभी रेघ म्हणजे दाराखिडक्यांचं लाकूड. दोन रेघा म्हणजे संत्र्यांच्या पेट्यांचं. ते काटोलचे व्यापारी घेऊन जायचे. आणि फुली म्हणजे चुलीत. एका ओंडक्याला जेमतेम घोटभर पाणी पिण्याइतका वेळ. एकदा मारलेली खूण त्यांनी कधी पुसली नाही. मालकसुद्धा त्यांच्या खुणेवर बोलायचा नाही, आणि त्याचा डोमाजींना फार अभिमान होता.

ते मूळचे खाप्याचे. शेतकऱ्याघरचे, पाच भावांतले धाकटे. शाळा चौथीपर्यंत. पण गावात श्रावणात पोथी लागायची, तेव्हा वाचायला लहानग्या डोमाला बसवायचे, कारण त्याचा आवाज नदीच्या घाटापर्यंत जायचा. म्हातारेकोतारे मांडी घालून बसलेत आणि सात-आठ वर्षांचं पोर बोट ठेवून, हेल काढून वाचतंय. ही त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठ्या मानाची गोष्ट. ती त्यांनी मला निदान पन्नास वेळा सांगितली असेल. त्यातूनच त्यांची वाचनाची व्याख्या पक्की झाली होती. "धा लोकाईले ऐकू गेलं तं ते वाचणं," ते म्हणायचे. "तोंड नाई हललं तं काय वाचलं? मंग ते पाहणं झालं, बाई. पुस्तकाकडं तं आमची बकरीही पाहते."

मी म्हणायचे, "अहो, मनातल्या मनात वाचतात की माणसं! हे सगळे म्हातारे बघा, काय करताहेत?"

"झोपून राहिले," डोमाजी गंभीरपणे म्हणायचे. दोघांच्या बाबतीत ते खरंही असायचं.

त्यांची तीन मुलं. थोरली शकुन, मधला रमेश, धाकटा वसंता. आणि या माणसाला वेड असं, की प्रत्येकासाठी वेगळं पुस्तक हवं. इतर आईबाप यायचे, इयत्ता सांगायचे आणि हाताला लागेल ते घेऊन जायचे. डोमाजी दवाखान्यात आल्यासारखे टेबलापुढे बसायचे आणि एकेका पोराची लक्षणं सांगायचे. "मोठा बहुत बोलते. त्याले जरा वजन येईन असं द्या. अन् धाकटा..." इथं त्यांचा तो गडगडाटी आवाज एकदम बसायचा. "धाकट्यासाठी काही हाये का? चूप राहते जी तो. दिवस दिवस बोलत नाई. एखादं पुस्तक अशीन ना, का वाचलं का पोट्टा बोलाले लागन?"

मी हसायचे. आज लाज वाटते. चौथी शिकलेला बाप तीन पोरांचे तीन स्वभाव ओळखून भर उन्हात पुस्तक शोधायला येत होता. माझ्या नात्यातल्या बीए झालेल्या बापांनी कधी असं केलं नाही. "एकाच ओंडक्याच्या फळ्या सारख्या नाई निघत, बाई, हे तं पोट्टे होत," ते म्हणायचे. एवढं ज्याला कळत होतं, त्याच्याच हातून पुढचं सगळं घडलं.

दिवेलागणीला त्यांच्या घरापुढे वाचन चालायचं. माझा घरी जायचा रस्ता तिथूनच. अंगणात बाज टाकलेली, तिच्यावर कानामागं हात धरून डोमाजी, खाली पोतं अंथरून पोरं. त्यांची बायको सगुणाबाई उंबऱ्यात तांदूळ निवडत असायची. आणि दर दोन मिनिटांनी डोमाजींची आरोळी, "मोठ्यानं वाच गा!" आख्खी गल्ली त्या आरोळीवर घड्याळ लावायची.

रमेश मोठ्यानं वाचायचा. अहाहा, काय वाचायचा! हेल, हातवारे, मधेच दरडावणं. डोमाजींचा चेहरा उजळून जायचा. एक दिवस मी कुंपणाशी थांबून नीट ऐकलं. त्याच्या हातातलं पुस्तक मीच दिलेलं, फुलझाडांच्या निगेचं. आणि पोरगं वाचत होतं, की राजा संत्र्यांची पेटी घेऊन काटोलच्या बसमध्ये चढला, कंडक्टर म्हणाला मुकुट टपावर ठेवा! पुस्तक उलटं नव्हतं एवढंच. बापाच्या कानावर नुसता सूर पडायचा, शब्द कुठले? मी पदर तोंडाला लावून हसत घरी गेले. नवऱ्याला सांगितलं, तोही हसला. डोमाजींना सांगावं असं माझ्या मनातही आलं नाही. मला त्या पोराचं कौतुकच वाटलं होतं, मेलं!

शकुन दिसेल ते वाचायची. किराण्याच्या पुड्यांचे कागद सोडवून, हातानं सपाट करून वाचायची. पण तिला बाजेसमोर कुणी बसवलं नाही. ती चुलीशी. "पोरीच्या जातीले कशाले मोठ्यानं वाचाचं?" सगुणाबाई म्हणायची, आणि डोमाजींना ते ऐकू न जाताच पटलेलं असायचं. सतराव्या वर्षी तिला काटोलला दिली.

आणि वसंता. वसंता शाळा सुटली की दप्तरासकट वाचनालयात यायचा. खिडकीखालच्या बाकावर, कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत बसायचा. काही मागायचा नाही. स्वतः उठून पुस्तक काढायचा, वाचायचा, जागच्या जागी ठेवायचा. तेराव्या वर्षापर्यंत त्यानं मुलांचं कपाट संपवलं. मग मोठ्यांचं धरलं. वाचताना त्याचा चेहरा हलायचा नाही, ओठ हलायचे नाहीत, फक्त डोळे. ओळीच्या टोकाला जाऊन परत, टोकाला जाऊन परत. मी हाक मारली तर तिसऱ्या हाकेला वर बघायचा, आणि तेसुद्धा फार लांबून आल्यासारखा. पुस्तक घरी न्यायचा नाही. घरी नेलं की मोठ्यानं वाचावं लागेल, ही भीती. मला ते गुपित आवडलं होतं. माझ्या वाचनालयातला माझा एक खराखुरा वाचक! मी ते जपून ठेवलं, स्वतःच्या आनंदासाठी. त्याच वेळी बापाला हाताला धरून आणायला हवं होतं मी. नाही आणलं.

वसंता पंधरा वर्षांचा झाला त्या साली मालकानं डोमाजींना सांगितलं, की आता मशीनजवळ कानाचा माणूस पाहिजे. कुणी ओरडलं तर ऐकू गेलं पाहिजे. तुझी जागा तुझ्या पोराला देतो, तू बाहेर ओंडक्यांवर खुणा कर. दोन पोरं. एक शिकणार, एक आऱ्यावर जाणार. आणि डोमाजींच्या मनात कोण जाणार हे ठरलेलं होतं.

मला कळलं तशी मी धावत गेले. म्हणजे खरोखर धावले, चप्पल तुटली माझी. "डोमाजी, वसंताला नका पाठवू. तो वाचतो. तुमच्या घरात तोच वाचतो!"

"कोन?"

"वसंता! वसंता!"

डोमाजी माझ्याकडे कीव केल्यासारखे बघत राहिले. "बाई, तुमी भल्या हा. पण सात वर्सं मी रोज पाहून राहिलो. धा ओळी नाई वाचल्या त्यानं."

"मनात वाचतो तो. त्याचे डोळे बघा ना, कसे हलतात!"

"डोळे तं पाखराचेही हलतात," ते म्हणाले. पण मनानं वाईट नव्हता हो तो माणूस. थोडा वेळ गेरूच्या खड्याशी चाळा करत राहिले, मग म्हणाले, "ठीक हाये. तुमच्यासमोर वाचाले लावतो. तुमीच पाहा."

त्या संध्याकाळी मी बाजेच्या टोकाला बसले. वसंतासाठी पुस्तक मी निवडून नेलेलं, त्याला आवडेलच असं. समुद्रावर हरवलेल्या एका खलाशाची गोष्ट. इथंच माझं चुकलं. एखादं रटाळ पुस्तक न्यायला हवं होतं.

वसंतानं सुरुवात केली. आवाज चांगला होता, स्वच्छ. पहिल्या चार ओळी खणखणीत. डोमाजी पुढं झुकले, सगुणाबाईचे तांदळातले हात थांबले. मी देवाचं नाव घेत होते. पाचवी ओळ जरा हळू. सहावी अजून हळू. वादळ सुरू झालं होतं गोष्टीत. आठव्या ओळीला नुसते ओठ हलत होते आणि मग तेही थांबले. वसंता वाचत होता. डोळे टोकाला जात होते, परत येत होते. त्यानं पान उलटलं.

"मोठ्यानं वाच गा!" डोमाजी ओरडले. पोरगं हललं नाही.

"पाहा," डोमाजी माझ्याकडे वळून म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "बंद पडला."

"बंद नाही पडला हो! पुढं गेलाय तो! पुढं गेलाय!" मी कानाशी जाऊन ओरडले.

"कुठं पुढं गेला, बाई? इथंच तं बसून हाये."

दुसऱ्या सोमवारपासून वसंता आऱ्यावर जायला लागला. रमेश कॉलेजात गेला. मी चार दिवस जेवले नाही. पाचव्या दिवशी जेवले. माणूस जेवतोच.

वसंता तक्रार करणारा नव्हता. दुपारच्या सुट्टीत अंगावरचा भुसा झटकून वाचनालयात यायचा, पुस्तक बदलायचा. आता तो पुस्तकं घेऊन जायचा, कारण आऱ्यावर त्याला मोठ्यानं वाच म्हणणारं कुणी नव्हतं. फळ्यांच्या थप्पीमागं बसून वाचायचा म्हणे. परत आलेल्या पुस्तकांत इतका भुसा असायचा, की मी ती अंगणात नेऊन झटकायचे. एकदा म्हणाला, "बाई, आऱ्याचा आवाज चांगला हाये. काहीच ऐकू येत नाई." दोन वर्षांत तो माझ्याशी आपण होऊन एवढंच बोलला.

मग तो दिवस आला. फळी कापताना मधे जुना खिळा निघाला. झाडात ठोकलेला, वरून सालीनं झाकलेला, बाहेरून दिसणं शक्य नव्हतं. आरा त्याच्यावर गेला आणि लाकडाची एक ढलपी उडाली ती सरळ वसंताच्या उजव्या डोळ्यात. त्या ओंडक्यावर डोमाजींची उभी रेघ होती. दाराचं लाकूड म्हणून त्यांनीच काढलेलं.

तिसऱ्या दिवशी डोमाजी वाचनालयात आले. दारातच थांबले. हातात एक पुस्तक होतं. ते त्यांनी दोन्ही हातांनी, पोथी धरावी तसं धरलं होतं. माझ्यासमोर टेबलावर ठेवलं. पुस्तकात खुणेसाठी लाकडाचं एक पातळ, कुरळं सालपट घातलेलं होतं. रंध्यातून निघतं ना, तसलं.

"दोन्ही डोळ्याईवर पट्टी हाये," ते म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखू येईना. "शुद्धीवर आला तं मले म्हणते, बाबा, पुस्तक बाईले नेऊन द्या. एकशे बारा पानावर होतो म्हणा. खूण काढू नका म्हणा." ते खाली बसले, जमिनीवरच. "दुखते म्हणला नाई. पाणी मागतलं नाई. एकशे बारा पानावर होतो म्हणला. बाई, तो वाचून राहिला होता?"

मी मान हलवली.

"एकशे बारा पानं?"

"शेकडो पुस्तकं, डोमाजी." हे मी ओरडून सांगायला नको होतं. पण त्यांच्याशी बोलायचं म्हणजे ओरडूनच बोलावं लागे. सगळ्या वाचनालयानं ऐकलं.

त्यांनी कानावरचा गेरू काढला, हातात धरून बघत बसले. "मी पोट्ट्यावर फुली मारली," ते म्हणाले. "वाया जाणाऱ्या लाकडावर मारतो तशी मारली." आणि मग तो एवढा मोठा माणूस असा रडला, की पेन्शनर म्हातारे पेपर ठेवून बाहेर निघून गेले.

दवाखान्यात रोज जायचे मी. डोमाजी कॉटच्या पायथ्याशी उभे असायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक पांढऱ्या कोटाला विचारायचे, "डोळे वाचतीन का जी? डोळे वाचतीन का?" डॉक्टर भला होता. त्यानं मला बाजूला घेऊन समजावलं, की फुटलेला डोळा काढावाच लागेल, आणि लवकर काढावा लागेल. नाहीतर चांगला डोळाही त्याच्यामागं जातो. कधी कधी असं होतं, का होतं ते विचारू नका. बापाची सही पाहिजे.

तो कागद इंग्रजीत होता. मी डोमाजींच्या कानाशी तोंड नेऊन त्यांना मराठीत सांगितला. एकदा, दोनदा, चारदा. त्यांनी सही केली नाही.

"दोन डोळ्यानं वाचते तो," ते म्हणायचे. "एक मी कसा देऊन टाकू? आताच तं समजलं का तो वाचते."

"अहो, दुसरा वाचवायचाय ना! एक दिला तर दुसरा राहील!"

"मी एक डाव खूण मारली, बाई. आता नाई मारत. आता माह्या हातून काही नाई मारणार." कागद पुढं केला की हात पाठीमागं न्यायचे, लहान पोरासारखे. ज्या माणसानं एका घोटात ओंडका दारात का चुलीत ते ठरवावं, त्याला दोन आठवडे एक सही ठरवता आली नाही. सगुणाबाई पाया पडली त्यांच्या. रमेश आला, त्यानं समजावलं. मी शेवटी चिडले, वाटेल ते बोलले. त्यांनी खाप्याहून कुणी वैद्य आणला, नवस बोलले, उपास धरले. वसंताला विचारलं तर तो म्हणाला, "बाबा म्हणतीन तसं."

सतराव्या दिवशी डोमाजींनी सही केली. बोट ठेवून, मोठ्यानं एकेक अक्षर म्हणत. डो. मा. जी. डोळा काढला. महिना गेला आणि दुसऱ्या डोळ्यात लाली आली. मग धुरकट दिसायला लागलं. दिवाळीपर्यंत वसंताला दिवाही दिसेनासा झाला. डॉक्टरनं कुणाला दोष दिला नाही. आम्हीच दिला, ज्यानं त्यानं स्वतःला.

रमेश मला एकदा रस्त्यात भेटला. बँकेत लागला होता, अंगावर इस्त्रीचा शर्ट. म्हणाला, "बाई, मी कधी वाचतच नव्हतो. मनानं सांगत होतो काहीही. बाबाले ऐकू येत नव्हतं ना." आणि भर चौकात तोंड झाकून रडला. मी म्हटलं, "मला माहीत होतं रे." त्यानं हात खाली घेतले आणि माझ्याकडे बघितलं. ती नजर मला अजून विसरता येत नाही. त्यानं विचारलं नाही, की मग तुम्ही का नाही सांगितलं. विचारलं असतं तर बरं झालं असतं. डोमाजींना त्यानंही सांगितलं नाही, मीही नाही. एवढी एक गोष्ट तरी त्यांच्यापाशी राहू दिली.

डोमाजींनी आऱ्यावर जाणं सोडलं. गेरू कानावरून गेला. गल्लीतली ती आरोळी बंद झाली. मी येताजाता बघायचे. बाजेवर बाप, शेजारी मुलगा. एकाला ऐकू येत नाही, एकाला दिसत नाही. शकुन सणावाराला यायची तेव्हा वसंताला काही वाचून दाखवायची. तेवढे दोन-चार दिवस त्या घरात पुस्तक उघडायचं. डोमाजी उठून मागच्या अंगणात जाऊन बसायचे.

एकशे बाराव्या पानावर थांबलेलं ते पुस्तक मी पुन्हा कुणाला दिलं नाही. खूण तशीच ठेवून माझ्या टेबलाच्या खणात ठेवलं. नियमाविरुद्ध होतं. असू दे.

अकरा वर्षांनी मी निवृत्त झाले. सामान साताऱ्याला जायचं होतं. जायच्या आधी मी ते पुस्तक पिशवीत घातलं आणि त्यांच्याकडे गेले. संध्याकाळचे पाच वाजले असतील. डोमाजी पार थकले होते, खांदे खाली आलेले. वसंता अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांचा. आता पेट्यांच्या फळ्या चाचपून खिळे ठोकायचं काम करायचा. त्याच्या हातात बापाचे हात आले होते.

मी पुस्तक वसंताच्या हातात दिलं. त्यानं ते उघडलं नाही. कडेवरून बोट फिरवलं, सालपटापाशी थांबलं. "एकशे बारा," तो म्हणाला.

"वाचून दाखवू का रे? पुढचं?" मी विचारलं.

त्यानं हात लांब करून पुस्तक बापाच्या मांडीवर ठेवलं. डोमाजी दचकले. माझ्याकडे बघितलं, मुलाकडे बघितलं. मग सालपट काढून कानावर अडकवलं, जिथं गेरू असायचा तिथं, आणि ओळीवर बोट ठेवलं.

अकरा वर्षांत त्यांनी अक्षर वाचलं नव्हतं. जोडाक्षराला अडखळायचे, मागं जायचे, पुन्हा यायचे. पण आवाज तोच, खाप्याच्या घाटापर्यंत जाणारा. आत सगुणाबाई चुलीशी होती, ती उंबऱ्यात येऊन उभी राहिली. शेजारची पोरं कुंपणाशी जमली. वसंता भिंतीला टेकून बसला होता, मान जराशी वाकडी करून. एक पान झालं. दुसरं निम्मं झालं. गोष्टीतली बाई घर सोडून निघाली होती, आणि दारात तिचा मुलगा उभा होता.

आवाज जरा खाली आला. मला वाटलं, थकले. मग आणखी खाली आला. मग नुसते ओठ हलत होते. मग तेही थांबले. बोट मात्र चाललं होतं. डोमाजी पुस्तकावर वाकले होते आणि त्यांचे डोळे ओळीच्या टोकाला जात होते, परत येत होते. त्यांनी पान उलटलं. आम्ही तिथं आहोत हे त्यांच्या गावीही नव्हतं.

वसंता वाट बघत होता. त्याच्या तोंडावर भर उजेड होता आणि त्याला त्यातलं काही दिसत नव्हतं. गोष्ट अर्ध्या वाक्यात तुटली होती. अकरा वर्षं थांबलेला पोरगा, आणि त्याला पुन्हा तिथंच टाकून बाप पुढं निघून गेला होता. मला सहन होईना. मी डोमाजींच्या खांद्याला हात लावायला पुढं झाले.

वसंतानं माझी चाहूल ओळखली. त्यानं हात वर केला.

"राहू द्या, बाई," तो अगदी हळू म्हणाला. "हलवू नका. बाबा वाचून राहिले."